अभिलेखांच्या जुळ्या तबकड्या : नाव आणि ओळख

(भोपाळ शहरातील बाग सेवनिया येथे मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात विभागाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. शाळा, ग्रामपंचायती व सहकारी संस्था यांच्या दफ्तराची जबाबदारी सांभाळणाऱ्या वाचकांस तो उपयुक्त वाटेल, म्हणून येथे देत आहोत.)



आज सकाळी मी ज्या रेल्वे स्थानकावर उतरलो, त्याच्या पाटीवर ‘राणी कमलापती’ असे नाव आहे. विद्यार्थिदशेत मी प्रथम येथे आलो, तेव्हा तेच स्थानक ‘हबीबगंज’ म्हणून ओळखले जाई. नोव्हेंबर २०२१ मध्ये नाव बदलले, आणि रेल्वेच्या दफ्तरातील त्याची संक्षिप्त खूणही ‘एचबीजे’ची ‘आरकेएमपी’ झाली. येथून जवळच असलेले विद्यापीठ १९७० साली भोपाळ विद्यापीठ म्हणून स्थापन झाले. १९८८ पासून ते बरकतउल्ला विद्यापीठ आहे. ज्या होशंगाबादकडे जाणारा रस्ता आपल्या वस्तीजवळून जातो, त्या शहराला २०२२ पासून नर्मदापुरम म्हणतात. तरीही दूरध्वनीवरून मला वाट सांगणाऱ्या आपल्यापैकी एका गृहस्थांनी तीनही ठिकाणी जुनीच नावे वापरली, आणि मी न चुकता आपणांपर्यंत येऊन पोहोचलो. पाट्या बदलल्या, परंतु जागा हलल्या नाहीत.

ज्या विषयावर मी आज बोलणार आहे, तेथे नेमके याच्या उलट घडते. तेथे पाटी तीच राहते आणि तिच्यामागचे घर मात्र दुसरेच येऊन बसते. पहिल्या प्रकारात माणूस फार तर थोडा वेळ चुकेल. दुसऱ्या प्रकारात तो दुसऱ्याच्या घराला कुलूप समजून स्वतःच्याच घराचे कुलूप फोडील. हा विषय आहे संगणकातील जुळ्या हार्ड डिस्कचा, म्हणजे आपल्या नोंदी ज्यांवर लिहिल्या जातात त्या तबकड्यांचा. त्यांतील एक बदलल्यानंतर त्यांची नावे कशी उलटसुलट होतात, आणि त्या गोंधळात चांगल्या तबकडीवरील नोंदी आपल्याच हातून कशा पुसल्या जाऊ शकतात, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आपल्यापैकी काहींना वाटेल की, हा तंत्रज्ञांचा प्रश्न. शेतकऱ्याचा, शिक्षकाचा त्याच्याशी काय संबंध? तो संबंध आता फार निकटचा झाला आहे. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला. असे मोठे अभिलेख मोठ्या केंद्रांत, जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली असतात. परंतु शाळेचे निकाल, दूध संस्थेचे हिशेब, ग्रामपंचायतीच्या ठरावांच्या प्रती, गावच्या यात्रेची छायाचित्रे, हे सारे आज एखाद्या खोलीतील, टेबलाखाली ठेवलेल्या, धूळ खाणाऱ्या संगणकात साठविलेले असते. त्याची देखभाल बहुधा एखादे शिक्षक किंवा लिपिक आपले नेहमीचे काम सांभाळून करीत असतात. मी त्यांच्याशी बोलत आहे.

दफ्तर सांभाळणे म्हणजे काय, हे या मेळाव्याला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. त्यापूर्वी ती नागपूरला होती. विदर्भाचे आठ जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आणि नागपूरच्या कचेऱ्यांतील अनेक मराठी कर्मचारी दफ्तरांच्या मागोमाग या शहरात आले. येथील काही कुटुंबांचे आजोबा त्यांतलेच. कागदपत्रांचे गठ्ठे ज्या फडक्यात बांधतात त्याला आपण रुमाल म्हणतो. जुन्या दफ्तरदाराला ठाऊक असे की, रुमाल कोणत्या फळीवर आहे यावरून त्याची ओळख ठरत नाही. ती ठरते त्याला लावलेल्या चिठ्ठीवरून. फळ्या बदलतात, खोल्या बदलतात, शहरेही बदलतात. चिठ्ठी रुमालाबरोबर प्रवास करते. हे एक सूत्र ध्यानात ठेवावे. पुढील सर्व विवेचन त्याच सूत्राचा विस्तार आहे.

आता जुळ्या तबकड्या म्हणजे काय, ते पाहू. १९५६ सालीच आयबीएम कंपनीने चुंबकीय तबकड्यांवर नोंदी साठविणारे पहिले व्यापारी यंत्र बाजारात आणले. त्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि सुमारे पन्नास लक्ष अक्षरे मावत. आज त्याहून कितीतरी अधिक मजकूर खिशातील दूरध्वनीत मावतो. क्षमता वाढली, आकार लहान झाला. तथापि एक गोष्ट बदलली नाही. तबकडी हे यंत्र आहे, आणि यंत्र एक दिवस बंद पडते. ज्यात फिरणारी तबकडीच नसते, अशा नव्या प्रकारच्या साधनांनाही हा नियम लागू आहे.

यावर उपाय म्हणून एकच मजकूर एकाच वेळी दोन तबकड्यांवर लिहिण्याची रीत निघाली. आरशात जसे हुबेहूब प्रतिबिंब दिसते, तशी दुसरी तबकडी पहिलीचे प्रतिबिंब असते. म्हणून या रचनेस ‘मिरर’ म्हणजे आरसा असे नाव आहे. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ या तिघा संशोधकांनी अनेक स्वस्त तबकड्या एकत्र जोडण्याच्या रीतींची वर्गवारी प्रसिद्ध केली, तेव्हा या जुळ्या रचनेस त्यांनी पहिला क्रमांक दिला. पुढे सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत ‘झेडएफएस’ नावाची साठवण-पद्धती तयार झाली आणि २००५ साली तिची आज्ञावली सर्वांसाठी खुली करण्यात आली. आज लिनक्स व फ्रीबीएसडी या विनामूल्य प्रणालींवर ती वापरता येते, त्यामुळे लहान संस्थांतही तिचा प्रसार झाला आहे. ती नुसत्या दोन प्रती ठेवीत नाही, तर लिहिलेल्या प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीजही ठेवते. वाचताना एका तबकडीवरील तुकडा बिघडलेला आढळला, तर दुसरीवरील चांगल्या प्रतीवरून तो दुरुस्त करून घेते. अशा जोडीने मिळून जो साठा तयार होतो, त्यास ‘पूल’ म्हणतात. आपण त्यास संचय म्हणू.

इथवर सारे ठीक आहे. अडचण सुरू होते ती नावांपाशी.

लिनक्स प्रणाली सुरू होताना तबकड्यांना नावे देते, ती अशी : पहिली सापडली ती ‘एसडीए’, दुसरी ‘एसडीबी’, तिसरी ‘एसडीसी’. यातले शेवटचे अक्षर म्हणजे केवळ सापडण्याचा क्रम. जी तबकडी आधी ‘हजर’ म्हणाली, तिला आधीचे अक्षर. त्या अक्षराचा तबकडीच्या अंगाशी, तिच्यावरील मजकुराशी, तिच्या वयाशी काहीही संबंध नाही. तबकडी दुसऱ्या खणात बसविली, बाहेरून एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिला, एखादी जोडणी जागी व्हायला नेहमीपेक्षा क्षणभर उशीर झाला, की क्रम बदलतो आणि नावेही बदलतात. यंत्र चालू असतानाच बिघडलेली तबकडी काढून नवी घातली, तर नवीला पुष्कळदा पुढचे मोकळे अक्षर मिळते, समजा, ‘एसडीडी’. रात्री यंत्र बंद करून सकाळी सुरू केले की तीच तबकडी ‘एसडीबी’ होऊन बसलेली दिसते. पाहणाऱ्यास वाटते की काहीतरी बिघडले. बिघडलेले काही नसते. हजेरी नव्याने घेतली गेली, इतकेच.

शिक्षक बंधूंना हे चटकन पटेल. वर्गातील मुलाचा हजेरी क्रमांक आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधील त्याचा क्रमांक, हे दोन वेगळे आहेत. हजेरी क्रमांक दरवर्षी नवा. वर्षाच्या आरंभी एखादे मूल शाळा सोडून गेले, दुसरे एखादे नव्याने दाखल झाले, की मधल्या साऱ्यांचे क्रमांक सरकतात. मागील वर्षीचा सतरा नंबर यंदा सोळा होतो. म्हणून कोणी ‘सतरा नंबर’ एवढ्याच आधारावर शाळा सोडल्याचा दाखला लिहीत नाही. दाखल्यासाठी जनरल रजिस्टर उघडावे लागते. तेथील क्रमांक मूल शाळेत आहे तोवर आणि शाळेतून गेल्यानंतरही त्याचाच राहतो. ‘एसडीबी’ हा हजेरी क्रमांक आहे. तबकडीचा जनरल रजिस्टर क्रमांक वेगळा आहे, आणि तो तिच्या अंगावर छापलेला आहे.

शेतकरी बांधवांना दुसरे उदाहरण देतो. नागपूरहून येथे आणलेल्या मोटारीवर आधी ‘एमएच ३१’ची पाटी असते. कायम वास्तव्य येथे झाले की नियमानुसार तिची येथे नोंदणी होते आणि ‘एमपी ०४’ची पाटी लागते. पाटी बदलली तरी गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चासी नंबर बदलत नाही. जुनी गाडी घेताना जाणता माणूस पाटीवर विश्वासत नाही. वाकून चासी नंबर कागदाशी जुळवून पाहतो. तबकडीच्या बाबतीत आपण तेवढेही वाकत नाही, हा माझा मुद्दा आहे.

आता मी जे सांगणार आहे, ते सांगताना मला संकोच होतो. परंतु आपली चूक झाकून दुसऱ्यास उपदेश करणे बरे नव्हे.

काही वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात प्रसिद्धीचे काम पाहत होतो. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी गावोगावच्या वृद्धांकडून ध्वनिमुद्रित करून घेण्याचे काम आम्ही हाती घेतले होते. खडी फोडायला गेलेल्या स्त्रिया, जनावरे दावणीहून सोडून देणारे शेतकरी, पाझर तलावाच्या कामावर हजेरी घेणारे मुकादम, अशी माणसे बोलत होती. ते सारे मुद्रण एका संगणकात साठविले जाई. त्यात तीन तबकड्या होत्या. पहिलीवर यंत्र चालविणारी प्रणाली, आणि दुसरी व तिसरी ही आरसा-जोडी. एके दिवशी यंत्राने कळविले की, ‘एसडीबी’ वारंवार चुका करीत आहे. मी टाचणवहीत लिहून ठेवले : “एसडीबी खराब. बदलावी.” माझे टाचण एवढेच होते.

नवी तबकडी घेण्यास मंजुरी यावयाची होती, म्हणून दुसऱ्या एका यंत्रातून काढलेली चांगली तबकडी तात्पुरती बसवावी असे ठरले. ती कोरी नव्हती. तीवर पूर्वीचा मजकूर होता. माझ्या तरुण सहकाऱ्याने यंत्र बंद केले, बिघडलेली तबकडी काढली, आणि आणलेली तबकडी शेजारच्या रिकाम्या खणात बसविली, कारण मूळ खणाची जोडणी सैल झाली होती. यंत्र पुन्हा सुरू झाले, हजेरी नव्याने झाली, आणि जोडीतील जी चांगली तबकडी आजवर ‘एसडीसी’ होती, ती क्रमाने पुढे सरकून ‘एसडीबी’ झाली. आणलेली तबकडी ‘एसडीसी’ झाली. सहकाऱ्याने माझे टाचण पाहिले. त्याप्रमाणे ‘एसडीबी’ ही बदललेली तबकडी, म्हणजे आणलेली, म्हणजे आधी पुसून कोरी करावयाची. त्याने तबकडी शून्यांनी भरणारी आज्ञा दिली. ती आज्ञा काही विचारीत नाही. ती सांगितलेले काम मुकाट्याने करते.

अर्ध्या तासाने आमच्या ध्यानात आले. काढलेल्या खराब तबकडीतून जाणत्या माणसांच्या साहाय्याने थोडा भाग परत मिळाला. बाकीचा मिळाला नाही. बाहेर ठेवलेली राखीव प्रत अकरा महिन्यांपूर्वीची होती, म्हणजे त्या अकरा महिन्यांतले बोलणे बव्हंशी गेले. आम्ही पुन्हा त्या गावांना गेलो. काहींनी पुन्हा सांगितले. परंतु दुसऱ्यांदा सांगितलेली गोष्ट पहिल्यासारखी येत नाही. काही दारांशी गेल्यावर कळले की, सांगणारे माणूसच आता राहिले नाही. एका मुलाने विचारले, “साहेब, आईचा आवाज तुमच्याकडे असेल ना?” त्यास काय उत्तर द्यावे, हे मला सुचले नाही.

सहकाऱ्याचा दोष नव्हता. त्याने कागदावर लिहिल्याप्रमाणेच केले होते. कागदावर हजेरी क्रमांक लिहिणारा मी होतो.

आता या प्रकारातील जी गोष्ट मला त्या दिवशी ठाऊक नव्हती, ती सांगतो. यंत्राला तबकड्या ओळखण्यासाठी आपण वापरतो त्या नावांची गरजच नसते. झेडएफएस पद्धती संचयात सामील करून घेतलेल्या प्रत्येक तबकडीवर स्वतःची चिठ्ठी लिहून ठेवते. रुमालाला चिठ्ठी असते तशी. या चिठ्ठीच्या एकूण चार प्रती असतात : दोन तबकडीच्या आरंभी आणि दोन अखेरीस, म्हणजे एक टोक बिघडले तरी दुसऱ्या टोकाची वाचता यावी. चिठ्ठीत संचयाचे नाव, संचयाचा भला मोठा ओळख-क्रमांक, त्या तबकडीचा स्वतःचा ओळख-क्रमांक, आणि तिची जुळी कोण, हे सारे लिहिलेले असते. त्यामुळे तबकड्या उलटसुलट खणांत बसविल्या, एवढेच काय, दुसऱ्या यंत्रात नेऊन बसविल्या, तरी चिठ्ठ्या वाचून संचय पुन्हा जुळविता येतो. नावे बदलली म्हणून मजकूर जात नाही. हे प्रथम समजून घ्यावे आणि घाबरून काहीही करू नये. यंत्र गोंधळत नाही. गोंधळतो तो टाचण वाचणारा माणूस.

कित्येकदा असेही दिसते की, संचयाची स्थिती विचारली असता जोडीतील एका तबकडीचे नाव ‘एसडीसी’ असे आखूड येते आणि दुसरीचे नाव कंपनी, नमुना व अनुक्रमांक यांसह लांबलचक येते; किंवा गैरहजर तबकडीच्या जागी नुसता मोठा अंक येऊन त्यापुढे “पूर्वी अमुक नाव” असा शेरा असतो. यातही भय नाही. तो मोठा अंक म्हणजे चिठ्ठीवरील ओळख-क्रमांक होय. नावाच्या पाटीवर आता कोणी नाही, म्हणून यंत्र रजिस्टरमधील क्रमांक वाचून दाखवीत आहे, असे समजावे.

मग प्रत्यक्ष काय करावे? मी तंत्रज्ञ नाही. त्या प्रसंगानंतर जाणत्यांकडून जे शिकलो आणि पाळीत आलो, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, नोंदवही. प्रत्येक तबकडीच्या अंगावरील कागदी पट्टीवर कंपनीने अनुक्रमांक छापलेला असतो. तबकडी यंत्रात बसविण्यापूर्वीच तो उतरवून घ्यावा. खण क्रमांक, अनुक्रमांक, बसविल्याची तारीख आणि कोणत्या संचयात ती आहे, असे चार रकाने पुरेत. अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक खणाच्या दर्शनी भागी चिकटवावेत, म्हणजे पुढे यंत्र उघडून शोधाशोध करावी लागत नाही. टाचणात ‘एसडीबी’ कधीही लिहू नये. लिहायचे ते असे : “तिसऱ्या खणातील, अमुक अनुक्रमांकाची तबकडी खराब.”

दुसरी गोष्ट, संचयाला कायमची नावे शिकविणे. लिनक्समध्ये ‘बाय-आयडी’ नावाची एक यादी प्रणाली स्वतःच ठेवते. तीत प्रत्येक तबकडी तिच्या नमुन्याने व अनुक्रमांकाने नोंदलेली असते, आणि ही नोंद खण बदलला तरी तीच राहते. संचय तयार करतानाच या यादीतील नावे वापरावीत. पूर्वी आखूड नावांवर केलेला संचय असेल तरी बिघडत नाही. त्याचा वापर थांबवावा, ‘एक्स्पोर्ट’च्या आज्ञेने तो यंत्रापासून रीतसर मोकळा करावा, आणि ‘इम्पोर्ट’च्या आज्ञेने ‘बाय-आयडी’ची यादी दाखवून पुन्हा जोडून घ्यावा. मजकुराला धक्का लागत नाही; केवळ पाट्या बदलतात. पुढे स्थिती विचारली की अनुक्रमांकासह पूर्ण नाव दिसू लागते, आणि ते नोंदवहीशी जुळविता येते.

तिसरी गोष्ट, तबकडी बदलण्याचा विधी. बदलण्यापूर्वी राखीव प्रत घ्यावी. जोडीतील दोन्ही तबकड्या पुष्कळदा एकाच दिवशी विकत घेतलेल्या, सारख्याच वापरलेल्या असतात. एक थकली तर दुसरीही तितकीच थकलेली असण्याचा संभव आहे, आणि बदलाच्या वेळी सारा भार तिच्या एकटीवर येतो. त्यानंतर यंत्राने खराब म्हणून सांगितलेल्या तबकडीचा अनुक्रमांक यंत्रालाच विचारावा, नोंदवहीत पाहावा, आणि हातात घेतलेल्या तबकडीवर वाचावा. तीनही ठिकाणी तोच अंक आला, तरच ती बाजूस ठेवावी. नवी तबकडी जुनीपेक्षा लहान असू नये. ‘रिप्लेस’ची आज्ञा देताना जुनीचा ओळख-क्रमांक व नवीचे ‘बाय-आयडी’तील नाव द्यावे. मग यंत्र चांगल्या तबकडीवरून नवीवर मजकूर उतरवू लागते. ते काम पूर्ण झाल्याचे यंत्राने सांगेपर्यंत, मग त्यास एक तास लागो की एक रात्र, दुसऱ्या तबकडीस हात लावू नये.

चौथी गोष्ट, दोन्ही तबकड्या बदलून मोठ्या घेणाऱ्यांसाठी. जोडीची क्षमता तिच्यातील लहान तबकडीइतकीच असते. म्हणून एक मोठी बसविल्यावर जागा वाढली नाही, यात नवल नाही. दुसरीही बदलून विस्ताराची आज्ञा दिल्यावर ती वाढते. परंतु येथे हजेरी दोनदा बदलते, म्हणून चूकही दोनदा होऊ शकते. पहिला बदल पूर्ण झाला, नोंदवहीत लिहिला गेला, संचयाची एकदा संपूर्ण तपासणी झाली, की मगच दुसरा आरंभावा.

पाचवी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पुसण्याची आज्ञा एकट्याने देऊ नये. ज्या तबकडीवरील मजकूर पुसावयाचा आहे, तिचा अनुक्रमांक एकाने मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने नोंदवहीत पाहून “जुळला” म्हणावे. दुसऱ्या माणसास संगणक येत नसला तरी चालेल. अंक वाचता आले म्हणजे पुरे. कोषागारात पैसे मोजताना आपण हे करतो, मतपेटी सीलबंद करताना करतो. गावाची आठवण पुसण्यापूर्वीही करावे.

शेवटी एका गैरसमजाविषयी बोलतो. जुळ्या तबकड्या आहेत, म्हणजे राखीव प्रत आहे, असे अनेक जण मानतात. मीही मानीत होतो. आरशापुढे उभे राहून आपण कपाळीचे कुंकू पुसले, तर प्रतिबिंबातलेही पुसले जाते. चुकून खोडलेली फाइल दोन्ही तबकड्यांवरून एकाच क्षणी जाते. आग, पूर, चोरी, विजेचा धक्का, यांपुढे एकाच पेटीतील दोन तबकड्या एकच होत. म्हणून तिसरी प्रत वेगळ्या इमारतीत असावी, आणि ती उघडून, वाचून पाहण्याचा एक दिवस ठरलेला असावा. शाळेत पटपडताळणी होते, तशी ही प्रतपडताळणी. आमची तिसरी प्रत होती. परंतु ती अकरा महिने कोणी ताजी केली नव्हती.

मित्रहो, नाव ही वापराची सोय आहे. ती सोय आपण आनंदाने वापरावी. हबीबगंज म्हटले तरी रिक्षावाला येथे आणून सोडतो, याचे कारण स्थानक जागचे हलत नाही. जेथे वस्तूच जागा बदलतात, तेथे नावावर विसंबणे धोक्याचे आहे. तेथे वस्तूच्या अंगावरची खूणच पाहिली पाहिजे. आपल्या आजोबांच्या पिढीने नागपूरचे दफ्तर येथे आणले, ते फळ्यांचे क्रम पाठ करून नव्हे, तर चिठ्ठ्या वाचून. रुमालाच्या ठिकाणी तबकडी आली, तरी दफ्तरदाराचे कर्तव्य बदललेले नाही.

आपण परत आपापल्या शाळेत, कार्यालयात किंवा गावी जाल, तेव्हा एक काम करावे, एवढीच माझी विनंती आहे. टेबलाखालचा तो संगणक ज्यांच्या हाती आहे, त्यांना विचारावे : “यातल्या तबकड्यांचे अनुक्रमांक कोठे लिहून ठेवले आहेत?” वही दाखविली, तर त्यांचे अभिनंदन करावे. वही नसेल, तर त्यांच्याजवळ बसून ती सुरू करून द्यावी. त्यास एक दुपार पुरते.